वजनांची चाळणी

माझी भाची पुण्याला एका कंपनीत कामाला आहे. ती तिथे नक्की काय करते हे तिने मला तीनदा समजावून सांगितलंय आणि तिन्ही वेळा मला वेगवेगळं समजलंय. मागच्या महिन्यात घरी आली तेव्हा लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. पडद्यावर चौकटीच चौकटी, एका चौकटीतून बाण निघून दुसरीत शिरलेला. मी चष्मा कपाळावर ढकलून वाकून पाहू लागलो.

"मामा, ही पाइपलाइन. इकडून डेटा येतो, प्रत्येक चौकटीत थोडा थोडा साफ होतो आणि तिकडून बाहेर पडतो."

"आणि ही मधली चौकट?"

"इथे लांबलचक मजकुरातून हवा तेवढाच तुकडा उचलायचा. रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात त्याला. जाऊ दे, तुला नाही कळायचं."

मी म्हटलं, "त्यातलं टिंब आणि तारा अजून तसेच आहेत का गं?"

भिंतीवरचं कॅलेंडर बोलल्यासारखं तिने माझ्याकडे पाहिलं. मग तिला हे सगळं सांगावंच लागलं. तिच्या आईने, म्हणजे माझ्या बहिणीने, ही हकिगत आधी ऐकली आहे. तिचं म्हणणं असं की दरवेळी सांगताना मी स्वतःला थोडा थोडा हुशार करत जातो. आता लिहायलाच बसलोय तर ती हुशारी काढून ठेवतो. तशी फार निघणार नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी निजामपुऱ्याच्या मागच्या एका गल्लीत एका ट्रस्टचा दवाखाना होता. दोन खोल्या आणि एक व्हरांडा, आणि दोन्ही बाजूंना लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे कारखाने. दवाखान्यात बोलायचं म्हणजे त्या खटखटाटाच्या वर आवाज चढवायचा. वीज गेली की लूम एकदम गप्प व्हायचे, पण माणसांचा आवाज उतरायला जरा वेळ लागायचा. त्यामुळे "पोट साफ होतं का?" हा डॉक्टर मॅडमचा प्रश्न आणि त्याचं पेशंटने दिलेलं खुलासेवार उत्तर पार नाक्यापर्यंत ऐकू जायचं.

मी बाविशीचा होतो. खारबावहून सायकलने यायचो. सहा महिन्यांचा कंप्युटरचा कोर्स केला होता, तेवढ्यावर मला तिथे घेतलं. आईने वाडीत सांगून ठेवलं की मुलगा डॉक्टरकडे मशीन चालवतो. झालं, रविवारी विहारात वंदना संपली की म्हातारी मंडळी माझ्यापुढे गुडघे उघडे करून बसायची. मी गंभीर चेहऱ्याने "शेक द्या" असं सांगायचो. त्या मानाने माझी प्रॅक्टिस चांगली चालली.

मशीन एका ट्रस्टीच्या ऑफिसातून निकालात काढलेलं होतं. काळा पडदा, हिरवी अक्षरं. त्याच्याबरोबर एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आलं होतं, पण त्याची पहिली चाळीसेक पानं कोणीतरी फाडून नेली होती. मी शिकायला सुरुवात केली ती एक्केचाळिसाव्या पानापासून. त्यामुळे मशीनच्या अगदी साध्या गोष्टी मला कधीच धड आल्या नाहीत, पण मजकुरात खुणा लावून शोध कसा घ्यायचा ते मात्र आलं.

काम सोपं होतं. खिडकीशी आमचे कंपाउंडर बसायचे. निजामपुऱ्यातच जन्मलेले, साठीचे, सगळ्या गल्लीचे चाचा. औषध न्यायला आलेल्या प्रत्येकाला ते आधी वजनाच्या काट्यावर चढवायचे, मग बोलायचे. एका चिठ्ठीवर केस पेपरचा नंबर, तारीख, वजन आणि पेशंट जे जे बोलेल ते सगळं लिहायचे. त्या चिठ्ठ्या माझ्याकडे यायच्या आणि मी एकेक चिठ्ठी एकेका ओळीत टाइप करायचो, मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. रकाने नाहीत, काही नाही. चाचांनी जे लिहिलं ते तस्सं. "खोकला कमी, झोप नाही, वजन ४८ किलो, गावी आईची तब्येत बरी आहे" अशी ओळ असायची. आईच्या तब्येतीचं मशीनला काय करायचं होतं, हा प्रश्न मला पडला नाही.

एके दिवशी डॉक्टर मॅडमनी मला आत बोलावलं.

"टीबीच्या सगळ्या पेशंटांची वजनं मला हवीत. आठवड्यामागून आठवडा, प्रत्येकाची ओळीने. तुझ्या मशीनमधून निघतील?"

"निघतील की मॅडम." निघतात का ते मला ठाऊक नव्हतं.

"वजन चढत असेल तर औषध लागू पडतंय. उतरत असेल तर मला लगेच कळायला हवं. छातीचा फोटो काही दर आठवड्याला काढता येत नाही."

त्या दिवसापासून मी त्या पुस्तकाला असा चिकटलो की आईला वाटलं परीक्षा आहे. त्यात एक गंमत होती. एका हुकुमाने ओळी निवडायच्या, मग एक उभी रेघ टाकायची, की त्या निवडलेल्या ओळी पुढच्या हुकुमाच्या तोंडी पडायच्या. पुन्हा रेघ, पुन्हा हुकूम. माझे वडील सायझिंगला ड्युटी करायचे, म्हणजे सूत खळीतून काढून, सुकवून, गुंडाळून लूमला पाठवणाऱ्या कारखान्यात. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "मग हे आमचंच काम आहे की. फक्त तुझ्या कपड्यांना खळ लागत नाही."

आता मजकुरातून वजन उचलायचं कसं? मशीनला वजन म्हणजे काय ते माहीत नसतं, त्याला फक्त आकार दाखवायचा. मी पहिल्यांदा सांगितलं, आकडे उचल. त्याने तारखा, ताप, केस पेपरचे नंबर, गोळ्या, सगळं उचलून माझ्या पुढ्यात ओतलं. मग मला टिंब आणि तारा सापडले. टिंब म्हणजे कोणतंही अक्षर आणि पुढे तारा म्हणजे कितीही वेळा. मी लिहिलं: 'वजन', मग काहीही, कितीही, मग 'किलो'. वाटलं, जिंकलो. पण तो तारा मोठा हावरा. पहिल्या 'वजन'पासून निघाला तो ओळीतल्या शेवटच्या 'किलो'पर्यंत चरत गेला. हाती आलं ते असं: "वजन ४८ किलो, पाठ दुखते, काल दोघांनी मिळून बीम उचलला ११० किलो."

मी आणखी शहाणपणा केला आणि फक्त 'किलो'च्या लगेच आधीचा आकडा घ्यायला सांगितलं. ती यादी मॅडमच्या टेबलावर ठेवली. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"ह्या गल्लीत एकशे दहा किलोचा टीबीचा पेशंट? मला आधी त्याला भेटव."

तो लूमचा बीम होता, म्हणजे सूत गुंडाळलेला जाड रूळ, पेशंट नव्हे. मी यादी उचलली आणि बाहेर आलो. खिडकीतून चाचा म्हणाले, "क्या हुआ, पास का फेल?"

शेवटी जमलं. 'वजन' हा शब्द, त्यापुढे मोकळी जागा, मग शून्य ते नऊमधले बरोब्बर दोन आकडे, मग 'किलो'. बीम बाहेर राहिला, माणसं आत आली. काळ्या पडद्यावर नुसती वजनं खाली खाली सरकत होती आणि मी चहा विसरून ती बघत बसलो होतो. एकेक माणूस तीन-चार आकड्यांत दिसत होता. हा चढतोय, हा जागच्या जागी आहे, ही बाई मध्येच गेली आणि परत आली. चिठ्ठ्या टाइप करताना मला यातलं काही म्हणजे काही दिसलं नव्हतं.

फक्त केस पेपर दोनशे चौदा वेड्यासारखा वागत होता. बावन्न, चव्वेचाळीस, बावन्न, त्रेचाळीस, बावन्न, बेचाळीस, त्रेपन्न, एक्केचाळीस. आठवड्यात आठ ते बारा किलोंनी खाली, पुढच्या आठवड्यात पुन्हा वर. असा माणूस नसतो. म्हणजे माझी खूण चुकली, कुठला तरी दुसराच आकडा येतोय. बीमचा चटका ताजा होता. पुन्हा मॅडमपुढे उभं राहून बोलणी खायची माझी तयारी नव्हती.

खरं तर उठून त्या आठ चिठ्ठ्या काढून बघायला पाच मिनिटं लागली असती. मी त्याऐवजी आणखी एक उभी रेघ टाकली. आधी ठेवलेल्या वजनापेक्षा पाच किलोंहून जास्त फरक असेल ते वजन चूक समजायचं आणि बाजूला काढायचं, असा हुकूम दिला. यादी चकाचक झाली. दोनशे चौदाची वजनं उरली ती बावन्न, बावन्न, बावन्न, त्रेपन्न.

मॅडमनी सोमवारी ती यादी पाहिली आणि फायलीतून त्या माणसाचा पहिल्या दिवशीचा फॉर्म काढला. तो मोठा फॉर्म त्यांच्याकडेच असायचा, मी तो टाइप करत नसे.

"हा आला तेव्हा पंचेचाळीस होता. दोन महिन्यांत आठ किलो चढला." त्या खूश झाल्या. "चाचा, दोनशे चौदाच्या पुढच्या सोमवारपासून चारच्या दोन गोळ्या करा. जोरदार औषधाची गरज संपली त्याची." आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "छान काम केलंस."

त्या दिवशी मी सायकल हात सोडून चालवली.

बाजूला काढलेली वजनं एका वेगळ्या फाइलीत पडून होती. ती मी जपून ठेवली होती असं नाही. फाइल पुसायचा हुकूम मला माहीत नव्हता. तो पहिल्या चाळीस पानांत असणार. बुधवारी चिठ्ठ्या कमी होत्या, म्हणून सहज ती फाइल उघडली. कुठे चाचांचा आकडा मी चुकीचा वाचलेला, कुठे माझंच बोट घसरलेलं, असा सगळा कचरा. आणि त्यात दोनशे चौदाच्या चार ओळी एकाखाली एक. चव्वेचाळीस, त्रेचाळीस, बेचाळीस, एक्केचाळीस.

चुका इतक्या शिस्तीत होत नाहीत.

मी चिठ्ठ्यांचा गठ्ठा सोडला. आठही चिठ्ठ्यांवर चाचांच्या अक्षरात मशीनने दाखवलेलंच वजन होतं. माझी खूण मुळीच चुकली नव्हती. गठ्ठा तसाच घेऊन मी खिडकीकडे गेलो.

"चाचा, हा दोनशे चौदा दिसायला कसा आहे?"

"कसा म्हणजे?"

"जाड आहे का बारीक?"

चाचांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तोंडाला रुमाल आणि डोळे लाल. रातपाळी करून येतात सगळे, अंगभर रुई. माझ्याकडे सगळे असेच दिसतात."

"पण तोंड?"

"तोंड कुठून दिसणार? मीच झाकायला लावलंय. बोर्ड वाच."

बोर्ड त्यांनी स्वतः रंगवला होता. पहिली ओळ: टीबीच्या पेशंटने तोंडाला रुमाल बांधून यावे. दुसरी ओळ: औषध पेशंटलाच मिळेल. मी रोज दोनदा त्याच्या समोरून जात होतो.

"चाचा, एकच माणूस एका सोमवारी बावन्न आणि पुढच्या सोमवारी त्रेचाळीस भरेल का?"

"काटा ठीक आहे माझा," चाचा जरा लागल्यासारखे म्हणाले. मग त्यांनी चिठ्ठ्या घेतल्या, पत्त्यांसारख्या हातात पसरल्या आणि एकेक वजन बोट ठेवून वाचलं. शेवटी म्हणाले, "बिस्सीवर जाऊन ये."

गल्लीतल्या कामगारांचा पत्ता म्हणजे त्यांची बिस्सी, जिथे ते दोन वेळ जेवतात ती खानावळ. खोली बदलते, लूम बदलतो, बिस्सी सहसा बदलत नाही. दोनशे चौदाच्या केस पेपरवरही एका बिस्सीचाच पत्ता होता. चालवणारी मावशी दिघाशी गावाकडची. मी गेलो तेव्हा ती परातीत कणीक तिंबत होती.

"मावशी, तुमच्याकडे जेवणारा एक जण आमच्याकडे खोकल्याचं औषध नेतो. जाडसर आहे की बारीक?"

"त्या दोघांतला कंचा?"

"दोघं कोण?"

"एका खाटंवरचे. एक उठला का दुसरा निजतो. याची दिसपाळी तवा त्याची रातपाळी. शुक्रवारची सुट्टी झाली का उलट." तिने कणकेला एक बुक्की दिली. "खोकला हाय तो बारका. त्याला जेवान जात न्हाय. चार घास खातो न् ताट सारतो. मंग दुसरा त्याचं बी खातो, टाकवत न्हाय म्हणून."

म्हणजे बावन्नाचं त्रेपन्न कसं झालं, ते कोडंही तिथेच सुटलं.

त्या आठवड्यात रातपाळी जाडसराची होती, त्यामुळे तो मागच्या भिंतीशी बसून जेवतच होता. मी दवाखान्यातला आहे म्हटल्यावर त्याचा हात ताटातच राहिला.

"साहब, धोखा नहीं किया है," तो हळू म्हणाला. "जिस हफ्ते उसकी दिन की पाली रहती है, वो सुबह कैसे आएगा? छुट्टी लेगा तो लूम दूसरे को दे देंगे. और आपके बोर्ड पे लिखा है, दवा मरीज को ही मिलेगी. तो हम रुमाल बांध के आ गए. चाचा ने बोला काँटे पर चढ़ो, हम चढ़ गए."

"गोळ्या?"

"सब उसी को दी. एक भी इधर-उधर नहीं." मग त्याने विचारलं, "उसकी दवा बंद तो नहीं करोगे?"

"मॅडमना विचारतो" म्हणून मी निघालो. त्याने मित्राचं औषध चालू राहावं म्हणून वजन दिलं होतं, आणि मी त्याच वजनावर ते औषध अर्धं करायची सोय करून ठेवली होती. आणि बारका तर चार गोळ्यांवरच उतरत चालला होता. सोमवार यायला पाच दिवस होते.

मॅडमपुढे मी दोन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवल्या. त्यांनी डावीकडची वाचली, उजवीकडची वाचली.

"ही दुसरी यादी कुठे होती?"

"चुकांच्या फाइलीत."

"त्या चुका आहेत असं कोण म्हणालं?"

"मीच, मॅडम. मला वाटलं, पुन्हा बीम आलाय."

त्या हसल्या नाहीत. "माझ्यापुढे चुकीची यादी आणली असतीस तर मी फार तर ओरडले असते. तू मला सुंदर यादी दिलीस. यापुढे मशीनने काही विचित्र दाखवलं तर ते तसंच माझ्याकडे यायला हवं."

शुक्रवारी लूमला सुट्टी. गल्ली इतकी शांत की सायकलची साखळी ऐकू येत होती. मॅडम मुद्दाम आल्या होत्या. दोघंही आले, दोघांच्या तोंडाला रुमाल. चाचांनी आधी दोघांचे रुमाल खाली ओढायला लावले आणि चेहरे नीट पाहून घेतले. मग एकेकाला काट्यावर चढवलं. त्रेपन्न. चाळीस.

बारका खाली उतरला आणि सगळ्यांची माफी मागू लागला. वजन कमी भरलं याची.

मॅडमनी त्याला बराच वेळ तपासलं, थुंकी तपासायला पाठवली आणि त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली. तिथून कळलं की आधीच्या गोळ्या त्याला लागूच पडत नव्हत्या. औषध बदललं. एका खाटेवरचे म्हणून जाडसराचीही छाती तपासली. ती साफ निघाली. चाचांनी दुपारी रंगाचा डबा आणि ब्रश काढून बोर्डाची दुसरी ओळ खोडली आणि तिथे लिहिलं: दोस्त आला तरी औषध मिळेल. दोस्ताने काट्यावर चढू नये.

पुढचे काही महिने मी दर सोमवारी यादी काढत होतो. चाळीस. मग एक रिकामी ओळ. चाळीस. रिकामी. एक्केचाळीस. ज्या आठवड्यात दोस्त यायचा त्या चिठ्ठीवर चाचा वजनाच्या जागी लिहायचे, "मित्र आला, म्हणतो आता पूर्ण जेवतो." दोन आकडे आणि किलो शोधणाऱ्या माझ्या खुणेला तिथे काही सापडायचं नाही. एकदा मॅडमनी विचारलं, "ह्या मधल्या जागा भरता येणार नाहीत का?" मी म्हटलं, "नाही मॅडम, त्या तशाच बरोबर आहेत." त्यांनी मान डोलावली. सेहेचाळीस किलोंवर बारका गावी गेला. जाडसर त्यानंतरही अधूनमधून खिडकीशी यायचा, काही दुखत नसताना, आणि चाचांना त्याचं पत्र वाचून दाखवायचा.

भाचीने सगळं ऐकून घेतलं. मग लॅपटॉप माझ्याकडे वळवला. त्या मधल्या चौकटीत खाली एक प्रश्न होता: खुणेला काहीच सापडलं नाही तर काय करायचं? ओळ टाकून द्यायची, आधीच्या आकड्याने भरायची, की रिकामी ठेवायची?

"तू काय केलं असतंस, मामा?"

"पहिल्यांदा टाकूनच दिलं होतं," मी म्हटलं. "तू रिकामी ठेव. आणि खाली कोणाचा तरी फोन नंबर लिही, विचारायला."

तिने रिकामी ठेवली. फोन नंबरासाठी मात्र त्या चौकटीत जागा नव्हती. तो तिने हाताने एका कागदावर लिहिला आणि पडद्याच्या कडेला चिकटवला.